कलम जगलं काय?

प्रिय आई,

तुला आणि आप्पांना लंडनहून नमस्कार. मी बरी आहे, पेजही करून खाते.

काल आप्पांनी फोनवर मला ओळखलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना सांगितलं, "अल्झायमरवर आम्ही प्रयोगशाळेत मूळपेशींपासून मेंदूच्या राखणदार पेशी वाढवतो आणि आजारी मेंदूत सोडतो. तुम्ही हापूसची कलमं बांधायचात ना, तसंच."

त्यांनी लगेच विचारलं, "कलम जगलं काय गो?"

जगलं, आई. पण उंदरांत. माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील. आप्पांसाठी उशीरच झाला गं.

ते अजून एकटेच बागेत निघतात का? कुंपणाच्या बेड्याला कडी घालत जा.

पुन्हा विचारलं तर "जगलं" म्हण. कोणात, ते सांगू नकोस.

तुझी,
मनस्वी