चिंधीतलं मूठभर गवत

॥ श्री ॥
देवनहळ्ळी, ५ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
गुंडोचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डॉक्टरांकडे रक्त देऊन मी आणि कृष्णाबाई सुखरूप घरी पोचलो. रक्ताबरोबर तपासायला डॉक्टरांनी आमच्या गोठ्यातलं गवत मागितलं होतं, ते बसने पाठवतोय. सोनं आहे बघ! माझ्या गवताला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय.

थुंकीत क्षय सापडला नाही म्हणतात, पण गुरांना गवत घातलं की संध्याकाळी ताप आणि धाप ठरलेलीच. म्हणून माझं ताट-लोटा वेगळंच ठेवलंय. नात शाल्मली उंबऱ्यातून अज्जा, अज्जा म्हणून हाका मारते, मी जवळ घेत नाही. एवढं एक फार लागतं गं, अक्का.

तुझ्या लोभावर दिवस काढतोय, तो आटू देऊ नकोस.
गुंडो

जे. पी. नगर, १९ ऑक्टोबर

चि. गुंडोस अ. उ. आ.

अरे शहाण्या, गवत पाठवायचं होतं की मुलगी दाखवायची होती? डॉक्टरांनी पावसात भिजून बुरसलेलं मागितलं होतं. तू निवडून पिवळंधमक पाठवलंस! त्याचा अर्क तुझ्या रक्तासमोर ठेवला, काही उमटलं नाही.

पण पिशवीच्या तळाशी चिंधीत मूठभर काळपट, कुबट गवत होतं. गाठ आपल्या कृष्णाबाईची. नवऱ्याला पुरतं ओळखून आहे हो ती! त्याच्या अर्कासमोर मात्र पांढरी रेघ उठली. म्हणजे त्या बुरशीशी तुझं रक्त कधीचं झगडतंय. छातीचा फोटो, थुंकी, सगळं जुळवून डॉक्टर म्हणाले, क्षय नाही, बुरशीची धूळ छातीत जाते. एकाचं दुसऱ्याला होत नाही. भिजलेलं सगळं उकिरड्यावर जाऊ दे, आणि गंजीला तू हात लावायचा नाहीस. सरी? कळलं ना?

बायकोवर डाफरलास तर माझ्याशी गाठ आहे. राग मला दे, माया तिला दे.
तुझी संध्याक्का

देवनहळ्ळी, २० नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

तीन आठवडे झाले, धाप नाही. डाफरायला गेलो होतो खरा, पण कृष्णाबाईसमोर डोळेच भरून आले. तीस वर्षं माझ्या गवताची फुशारकी मुकाट ऐकलीन तिनं. ती नसती, तू नसतीस, तर मी अजून कोपऱ्यातच बसलो असतो. तुम्हा दोघींचे उपकार कसे फेडू?

डॉक्टरांना तूप पाठवतोय. हे निवडून पाठवलं तर चालेल ना?

अशीच रागवत राहा, म्हणजे लोभ आहे असं समजेन.
तुझा गुंडो

ता. क. तुझं पत्र आलं त्याच दिवशी कृष्णाबाईनं माझं ताट घासून सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. आज शाल्मली मांडीवर बसून जेवली. पुढ्यातलं ताट माझं होतं की दुसऱ्या कुणाचं, मला ओळखता आलं नाही.