एका दंडाच्या पावतीसाठी

मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. आत्ताच सगळ्या कानशी पुसून आकाराप्रमाणे लावल्या आणि लिहायला बसलो.

तीर्थरूप मामा यांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार (पत्र त्याच वाचून दाखवत असतील, म्हणून अक्षर मोठे काढले आहे). तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही आता राहता त्या ताईच्या घराला किती पायऱ्या आहेत ते मी मागच्या पत्रात विचारले होते, त्याचे उत्तर आले नाही. मामींनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य सवयीने लिहून गेलो. खाडाखोड नको म्हणून राहू देतो, पण ते खरे नाही.)

गेल्या बुधवारी शाळेच्या भिंतीवर, म्हणजे जिथे तुम्ही बावीस वर्षे किल्ल्या केल्यात आणि आता चार वर्षे मी करतो आहे त्या जागेच्या बरोबर वर, पालिकेने फलक लावला. मी तो तीनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतला. शुक्रवार दि. १७ पर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या विक्रेत्यांची नोंद होणार. नोंद झाली की परवाना, नाही झाली की जागा दुसऱ्याला. नोंदीसाठी एकच पुरावा हवा : तुम्ही त्याच जागी धंदा करता असे सांगणारा कोणताही सरकारी कागद. आता बिनपरवाना बसणाऱ्याकडे सरकारी कागद कुठून येणार? आम्ही सगळेच डोक्याला हात लावून बसलो. मोबाइलची कव्हरे विकणारा तेवढा हसत होता. त्याचा डोळा आपल्या जागेवर आहे, कारण शाळा सुटली की तिथे सावली येते.

गुरुवारी पालिकेत नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे मोजेवाल्या मावशी होत्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पालिकेच्या दंडाच्या सतरा पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीवर नाव, तारीख, जागा, आणि खाली ‘विनापरवाना व्यवसाय करताना आढळले’. कारकून बाई एकदम सरळ बसल्या. याहून पक्का सरकारी कागद कोणता? मावशींना खुर्ची मिळाली, पाणी मिळाले. फळवाल्याने रबर लावलेल्या एकतीस पावत्या आणल्या, तेव्हा तर लोक त्याच्याकडे पदवी मिळवून आल्यासारखे बघत होते. ज्याने जितका मार खाल्ला तितका तो मोठा. कव्हरवाल्याकडेही शाळेच्या भिंतीच्या दोन निघाल्या.

माझ्याकडे एकही नाही, मामा. याला कारण मीच आहे. तुमचा गुडघा आणि तुमची भांडायची हौस, यांमुळे तुम्ही दर वेळी सापडायचात. मी मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवले की आपल्या नावावर डाग नको. टेबलाचे पाय दुमडायला अकरा सेकंद, किल्ल्यांची कडी पिशवीत टाकायला चार, आणि पिशवी खांद्याला लावून बसथांब्यावर घड्याळ बघत उभे राहायला सहा. एकूण एकवीस. पालिकेची गाडी वळणावर दिसली की मी प्रवासी होत असे. चार वर्षांत पालिकेने मला धंदा करताना पाहिलेलेच नाही. मावशी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाल्या, “चार वर्षं पळालास ना शहाण्या? आता पळ!”

मग मी दंड करून घ्यायचे ठरवले. शुक्रवारी टेबल फुटपाथच्या मधोमध मांडले, शेजारी ‘येथे किल्ल्या करून मिळतील’ अशी पाटी (मोठ्या अक्षरात, शुद्धलेखन तपासून). गाडी आली. माझे पाय आपोआप बसथांब्याकडे निघाले होते, त्यांना मी टेबलाला धरून थांबवले. गाडीतल्या माणसाने हात हलवला आणि गाडी गेली. शनिवारी मी तिला आडवा झालो, तर ड्रायव्हर म्हणाला, “अरे बाबा, बाजूला हो, मरशील!” पावती मागितली, तेव्हा खरी गोष्ट कळली. पावतीपुस्तके कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली आठवड्यापासून हरवलेली. गाडी नुसती धाक म्हणून फिरत होती. (म्हणजे आदल्या सोमवारी आणि मंगळवारी मी उगाच पळालो.)

किल्ली हरवली आहे हे मला सांगावे, यात मला आशा दिसली. काल सकाळी साडेदहाला सगळी अवजारे घेऊन मी कार्यालयात गेलो, पहिल्या मजल्यावर. दंड विभागाच्या साहेबांसमोर नऊ मिनिटांत कपाट उघडले, नवी किल्ली करून दिली, वरच्या कप्प्यातले पावतीपुस्तक स्वतः काढून त्यांच्या हातात ठेवले आणि म्हणालो, “आता मला दंड करा, साहेब.” साहेबांचे डोळेच भरून आले. ते म्हणाले, “तुला? अरे, तू देवासारखा आलास, तुला कसला दंड?” मी शाळेच्या भिंतीचे सांगितले, फलकाची नक्कल दाखवली. ते म्हणाले, “भिंतीपाशी मी तुला पाहिलेला नाही. न पाहता पावती फाडली तर माझी नोकरी जाईल. चहा घेणार का?”

मी चहा घेतला नाही. जिन्यावर येऊन बसलो. पण तोवर बातमी पसरली होती. शिपाई सायकलच्या कुलपाची किल्ली घेऊन आला. टंकलेखिका बाई घराची घेऊन आल्या, कारण सुनेला वेगळी हवी होती. मला हातावर ठेवून कानस चालवता येत नाही हे तुम्ही जाणता, म्हणून मी जिन्याच्या वळणावर टेबल उघडले आणि, सवयीने, पाटीही लावली. दहावी किल्ली चालू होती तेव्हा रांग खाली दारापर्यंत गेली होती आणि मोठ्या साहेबांना वर जायला वाट नव्हती. “पालिकेच्या जिन्यावर दुकान? कोणाच्या परवानगीने?” असा आवाज आला. माझे हात टेबलाच्या पायांकडे गेले. एकवीस सेकंद हातात होते, मामा. पण मी टेबल दुमडले नाही. दंड विभागाचे साहेब धावत आले, नव्या किल्लीने कपाट उघडले आणि मोठ्या साहेबांदेखत माझ्या नावाची पावती फाडली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच खाली नोंदणीच्या टेबलावर नेली. पुरावा मान्य झाला. माझी नोंद झाली, परवाना मिळणार.

जागा मात्र पावतीवर असेल तीच. माझ्या पावतीवर ‘पालिका कार्यालय, जिन्याचे वळण’ असे आहे. मी बाईंना भिंतीचे पुन्हा सांगितले. त्या म्हणाल्या, “कागदावर जिना आहे, तुम्ही जिना.” कव्हरवाला मागेच उभा होता. त्याने माझे अभिनंदन केले.

तरी काळजी नसावी. तुम्ही गुडघा सांभाळा आणि या कामासाठी मुळीच येऊ नका.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : तुम्ही साहेबांशी भांडून घेतलेल्या चौसष्ट पावत्या पत्र्याच्या डब्यात आहेत ना? सगळ्यांवर ‘शाळेची भिंत’ असणार. कव्हरवाल्याच्या दोनच आहेत, आणि ज्याच्या पावत्या जास्त त्याची जागा. फक्त ज्याच्या नावाच्या पावत्या त्याला स्वतः हजर राहावे लागते. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे, तीच बस उद्या सकाळी परत निघते.

ता. क. २ : हिशेब. दंड २५०. अकरा किल्ल्यांचे आले ४००, कारण अकरावी म्हणजे नोंद झाल्यावर मोठ्या साहेबांनी करून घेतलेली त्यांच्या खणाची किल्ली, तिचे ४० येणे आहे. (खण उघडल्यावर आत कपाटाची हरवलेली किल्ली होती. ती मी पाहिली हे त्यांनी पाहिले, म्हणून ते ४० मिळतील असे वाटत नाही.) तुमच्या जुन्या स्टुलाला नवे रेक्झिन ९०. हे रविवारीच बसवले, म्हणजे पावती मिळण्याच्या आदल्या दिवशी. वर ‘येऊ नका’ लिहिले आहे ते मामींनी तुम्हाला फुटपाथवर बसायची बंदी केली आहे म्हणून. तेव्हा हे शेवटचे पान त्यांच्या हाती जाण्याआधी काढून घ्यावे.

ता. क. ३ : मामी, तुम्ही इथपर्यंत वाचलेच असेल, तर मामांच्या पिशवीत गुडघ्याचा पट्टा ठेवावा. बस तिकडून उद्या सकाळी सव्वासहाची आहे.