बरं आहे, दोनच

ता. ४ जून
चि. धाकटीस,
अ. आ.
वखारीतल्या ओंडक्यानं कंबर मोडली त्याला सहा वर्षं झाली आणि दुखण्याच्या गोळ्यांनी मला धरलं त्याला पाच. कमरेचे डॉक्टर म्हणायचे, आधी गोळ्यांची सवय सोड. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी कंबर दाखव. इकडे आड, तिकडे विहीर! आता एक सोमवार सोडून शाळेच्या खोलीत एक डॉक्टरबाई येतात. त्या दोन्हींवर एकदमच औषध देतात. दुखणं शून्य ते दहात सांगायचं, त्यावर औषध किती ते ठरतं. मी नऊ सांगितले. तुझी वहिनी म्हणते, शाळेत कधी नऊ मार्क पडले नव्हते! काल वखारीत दोन तास उभा राहिलो गं.
तुझ्या चार ओळींची वाट बघणारा,
दादा

ता. ११ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी रडले, मग हसले. पण एक ऐक. सारखं नऊ-नऊ करशील तर म्हणतील, औषधासाठी सोंग करतोय. व्यसनमुक्ती केंद्रातून तुला नाटकी म्हणून हाकललं तेव्हा दाराबाहेर मीच उभी होते. बाईंना बरं आहे म्हण, दोन-तीन सांग. शहाण्यासारखा वाग, म्हणजे नाव कापणार नाहीत.
जन्मभर तुझं डोकं खाणारी,
धाकटी

ता. ९ जुलै
चि. धाकटीस,
अ. आ.
दोन्ही खेपांना 'बरं आहे, दोनच' म्हणालो. बाई खूश झाल्या आणि औषध निम्म्यावर आणलं. आता हात थरथरतात, कंबर करवतीखाली धरल्यासारखी होते. खरं सांगायला गेलो होतो, पण त्या इतक्या कौतुकानं बघत होत्या की जीभ रेटली नाही. एका ट्रकवाल्याकडून जुन्या गोळ्यांची दोन पाकिटं घेतलीत. वहिनीला कळवू नकोस. मला फार भीती वाटते.
दादा

ता. २४ जुलै
प्रिय वन्संस,
हे गेले, तुम्हीही चार दिवस राहून परत गेलात. सोमवारी डॉक्टरबाई घरी आल्या. दोन्ही पाकिटं रिकामी सापडल्याचं त्यांना कळलं होतं. कार्डावर यांच्या नावापुढे नऊ, दोन, दोन असं लिहिलेलं. म्हणाल्या, एकदा सात म्हणाले असते तरी औषध वाढवलं असतं, त्यासाठीच तर मी येते. मग त्यांनी विचारलं, दोन सांगायला यांना कुणी शिकवलं. तुमचं पत्र मला यांच्या सदऱ्यात मिळालं होतं. मी म्हटलं, ठाऊक नाही.
तुम्ही वाईट चिंतून लिहिलं नव्हतं, हे मला कळतं. पण गोळ्यांचं तुम्हाला माहीत होतं, हे इथे असताना तुम्हीच बोलून गेलात, वन्सं, आणि मी त्याच घरात होते. पुढच्या महिन्यात राहायला येईन म्हणाला होतात. एवढ्यात येऊ नका.
तुमची,
वहिनी