ऊना, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे

प्रिय गार,

थांब, फाडू नकोस. हे पत्र आहे, साधं कागदाचं. यात कुठे क्लिक करायचं नाही, कुठल्या नंबरवर फोन करायचा नाही. अक्षर बघ. कोंबडीचे पाय, हे नाव तूच ठेवलं होतंस. हे अक्षर जगातला कुठलाच हॅकर काढू शकत नाही, क्लास लावला तरी. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, मेल उघडत नाहीस, म्हणून मी पोस्टाचं तिकीट चिकटवतेय. बाबांबद्दल आहे. ऑक्टोबरमध्ये जे झालं ते तुला वाटतं तसं झालं नव्हतं, गार. एवढं तरी तुला पटायला हवं. बाकी मग तुझं तू ठरव.

आधी इकडचं सांगते. खाडीत अजून बर्फ आहे, त्यामुळे सगळ्या बोटी वर ओढलेल्याच आहेत आणि सगळे पुरुष दुकानात बसून हवामानाला शिव्या देतायत. शेजारच्या एफीकाकूचं कुत्रं पुन्हा पोस्ट ऑफिसात शिरलं, आणि काकू म्हणते, "त्याचं पार्सल यायचंय, तुम्हाला काय!" मी हे सेमिस्टर सोडलंय. ओरडू नकोस, का ते पुढे येईलच. बाबा हल्ली स्वयंपाकघरातल्या दिवाणावरच झोपतात, स्टोव्हजवळ, दारासमोर. विचारलं तर म्हणतात, "वर कोण जातंय, पोरी? इथे किटली हाताशी आहे." जिना चढवत नाही असं मात्र म्हणत नाहीत.

आता ऑक्टोबर. तुला बाबांच्या पत्त्यावरून मेल आली, त्यात लिहिलेलं: मी हॉस्पिटलात आहे, बोलता येत नाही, लगेच मदत पाठव, कोणाला सांगू नकोस. तू घरी फोन केलास, कोणी उचलला नाही, कारण बाबा धक्क्यावर मासे साफ करत होते. दुसरं कोणी असतं तर त्याने मदत पाठवली असती नाहीतर दुर्लक्ष केलं असतं. तू कामावरून तसाच निघालास आणि आल्बर्टाहून अख्खा देश ओलांडून स्वतःच आलास. तुझा हा स्वभाव त्या चोरांना माहीत नव्हता. आणि आलास तो दार वाजवलंस! आपल्या घराचं! एफीकाकू खिडकीतून बघत होती, नेहमीसारखी, पुढचं सगळं तिच्याकडूनच कळलं. बाबा एप्रनवर माशाचं रक्त, हातात सुरी, ठणठणीत, दार उघडून म्हणाले, "अरे! कोण मेलं?" आणि तू म्हणालास, "तुम्ही. मला तर तसंच कळवलं होतंत."

मग तू विचारलंस की एकटे पडलात म्हणून खोटं बोलून मला बोलावलंत का.  ते फक्त म्हणाले, "चहा टाकू?" त्या चहाचा तू अर्थ लावलास. कोणीही तोच लावला असता. तिकडे तुझी नोकरी गेली, आणि इकडे तू निघताना म्हणालास की पुढच्या वेळी खरंच मेलात तरी मी येणार नाही. मी हे तुला टोचायला लिहीत नाहीये, शपथ. मी तुझ्या जागी असते तर काहीतरी फोडलं असतं.

मला हे सगळं ख्रिसमसला घरी आल्यावर समजलं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बाबांनी चहाचं फडकं टाकलं होतं, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं. म्हटलं हे काय? तेवढ्यात फडक्याखालून सायरन. मी फडकं काढलं तर लाल भडक चौकट, मोठं उद्गारचिन्ह, आणि वर लिहिलेलं, 'ऊना, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे! बंद करू नका! ताबडतोब या नंबरवर बोला!' आईचं नाव. आई जाऊन दुसरा हिवाळा, आणि तिला हाका मारतायत.

तू मला ओळखतोस, मला असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. मी लगेच लेक्चर सुरू केलं. म्हटलं, बाबा, हा व्हायरस नाहीच आहे. हे व्हायरसचं पोस्टर आहे. भिंतीवर वाघाचं चित्र लावलं म्हणून घरात वाघ येतो का? कॉम्प्युटर खराब झाला तर तो असा तुमचं नाव घेऊन बोंबलत नाही, आणि कधीच फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की समजायचं, चोर. ब्राउझर बंद करायचा, नाहीच झाला तर बटण दाबून धरून अख्खी मशीन बंद करायची, काही होत नाही. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "पण पोरी, ते दार न वाजवता आलं."

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं. आपल्या गावात दार कोण वाजवतं, गार? पोलीस, मतं मागणारे, आणि चुकलेला टूरिस्ट. आपला माणूस सरळ आत येतो, बूट काढतो, किटली ठेवतो. बाबांच्या हिशोबात, जो न विचारता घराच्या मधोमध येऊन आईला नावाने हाक मारतो तो परका असूच शकत नाही. आणि तो सांगत होता की यातलं सगळं पुसलं जाणार आहे. सगळं म्हणजे काय, तुला माहीत आहे. आईचे फोटो, आणि तुझ्या वाढदिवसाला तिने गाऊन पाठवलेलं ते बेसूर गाणं. ते त्या एका मशीनमध्येच आहे. तू तुझं डिलीट केलंयस, मला तूच सांगितलं होतंस.

म्हणून ऑक्टोबरात ती चौकट पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी फोन केला. तिकडून माणसाने विचारलं, ऊना आहेत का? बाबा म्हणाले, ती नाही आता, पण बोला. मग तो म्हणाला, मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आत येऊ का, दुरुस्त करतो. आणि बाबा म्हणाले, "या की." एवढंच. त्याने सांगितली ती बटणं दाबली. वर त्याला विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे. तो आत शिरला, मेलचा पासवर्ड बदलला, आणि बाबांच्या पत्त्यावरून ओळखीच्या सगळ्यांना तेच पत्र गेलं. तुलाही, आणि मलाही, पण माझं स्पॅममध्ये पडून होतं. बाबांनी त्यातला एक शब्द लिहिला नव्हता, गार. त्यांना तर तू दारात उभा राहिल्यावर कळलं.

मग मी सेटिंग्ज उघडल्या, हे येतं कुठून ते शोधायला. नवीन साइट उघडली की ती कोपऱ्यात विचारते ना, सूचना पाठवू का? परवानगी द्या, नाहीतर नको म्हणा. आईने प्रत्येकीला परवानगी दिली होती. विणकामाच्या, पाव भाजण्याच्या, हवामानाच्या, कुठल्या तरी लॉटरीच्या. एक लोकर बक्षीस देणारी साइट होती, तिथे तिने आपलं नावही टाकलं होतं, तीच आता सायरन वाजवत होती. आई बिचारी. कोणी उंबऱ्यात उभं राहून 'येऊ का' विचारलं तर आई कधी 'नको' म्हणाली असती का? चहा टाकून मोकळी.

मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही गारला का नाही सांगितलं? तो उगाच तुम्हाला खोटारडे समजतोय. तर म्हणाले, "काय सांगू त्याला? तुझ्या आईने चोराला घरात घेतलं म्हणून? ती नाहीये आता, आपली बाजू मांडायला. मी आहे. मी खोटारडा ठरलो तर ठरलो." मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "त्याचा राग मला झेपतो. तिच्यावरचा नाही झेपणार."

मी एकेक साइट काढत गेले. बाबा मागे उभे होते, खुर्चीची पाठ धरून. शेवटी ती लोकरवाली राहिली. मी बटणावर बोट ठेवलं तर म्हणाले, "तिला राहू दे." मी चिडले. म्हटलं, अहो, तीच तर चोर आहे! तर म्हणाले, "ठाऊक आहे. फोन नाही करणार आता. पण आता तिचं नाव घेऊन हाक मारणारं या घरात दुसरं कोण आहे?" मी नाही काढली. इतकं शिकून माझ्याच्याने एक बटण दाबवलं नाही. मेल वगैरे सगळं परत ताब्यात घेतलं, पण ती तशीच आहे. अजून सायरन होतो. बाबा दिवाणावरून उत्तर देतात, "नाहीये गं बाई ती घरी."

फेब्रुवारीत मी तुला मेसेज केला. बाबा सिरियस आहेत, लगेच ये, घाई कर. तू लिहिलंस, 'छान प्रयत्न. या वेळी स्पेलिंग सुधारलंय.' आणि ब्लॉक. एफीकाकूने फोन केला तर तिला म्हणालास, "काकू, तुम्हालाही यात ओढलं का?" मी त्या रात्री माझा मेसेज पुन्हा वाचला. लगेच, घाई, सिरियस. अगदी त्या लाल चौकटीसारखा. मी दुसरं काय लिहिणार होते? खऱ्याला वेगळे शब्द नसतात रे. चोरांनी आपले सगळे शब्द वापरून टाकले.

तर हे पत्र यासाठी आहे. बाबांच्या फुफ्फुसात आहे ते, आणि पसरलंय. डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशनची वेळ गेली, घरी ठेवा, उबेत ठेवा. तुला कळवायचं नाही असं मला बजावलंय, "त्याला पुन्हा तेच वाटेल." पण एफीकाकू आत आली की ते दाराकडे मान वळवतात, तू असशील म्हणून. वाऱ्याने कडी हलली तरी वळवतात. काल मला म्हणाले, "ऑक्टोबरात त्याने दार वाजवलं ना, तेव्हाच मला कळलं. म्हटलं, गेला हा, परका झाला." बर्फामुळे टपाल रखडतंय. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ते असतील असं मला वाटत नाही, खरंच वाटत नाही. तरी ये. कदाचित घरात फक्त मी असेन आणि ती सायरनवाली. दिवाण मी हलवणार नाही, तो दारासमोरच ठेवलाय. फक्त दार वाजवू नकोस, गार. सरळ आत ये.

तुझीच, आणि या वेळी खरीखुरी,
टेसा