सीट किती वर

धसई, बुधवार, संध्याकाळ

आजही वेळ सुमनच्या सायकलीत गेला. सीट खाली असली की तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात, पण चालवताना गुडघे दुखतात. वर केली की गुडघे ठीक, पण थांबताना नुसते अंगठे टेकतात आणि ती घाबरते. लग्नाआधी चालवायची. आता पन्नाशीत पुन्हा. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ झाला की उंची बरोबर, हे मी चार दिवस सांगतो आहे. मास्तरकीची सवय.

आज सीट मापाप्रमाणे वर केली. ती बसली आणि लगेच उतरली. "तुमचं माप बरोबर असेल. पण पडणार मी ना?"

मी कंटाळलो होतो. म्हणालो, तुझ्या बहिणीचं गाव तीन किलोमीटरवर, मी स्कूटरवर सोडतो की.

"सोडता. पण दर वेळेला विचारावं लागतं. तुमचा पेपर वाचून होईपर्यंत चपला घालून उभं राहावं लागतं."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तीस वर्षांत हे दिसलं कसं नाही? की दिसत होतं?

मी पाना तिच्या हातात दिला. तिने सीट बोटभर खाली घेतली, नट आवळला. शेजारच्या घरापर्यंत गेली, डुगडुगत वळली, अंगणात येऊन एका पायावर थांबली.

"गुडघा?"

"दुखतो थोडा. उद्या अर्धं बोट वर घेईन. माझी मी."

हँडल धरायला मी पुढे झालो होतो. हात मागे घेतला.