पाठदुखीचा खोटा रुग्ण

३ ऑक्टोबर

उभी हयात नाटकात घालवली, नाव झालं नाही. आता परीक्षाकेंद्रात दिवसभर पाठ दुखल्याचं सोंग करतो. समोर होऊ घातलेले ऑस्टिओपॅथ डॉक्टर.

डोलोरेस, माझी बायको, अजून विचारते, "हाताने हाडं-सांधे चाचपणारे ना? म्हणजे मालिशवालेच." पुन्हा समजावलं — आपल्या अमेरिकेत ते औषधं देतात, ऑपरेशनं करतात, वर हातही चालवतात. पण परवाना हवा तर लेखी पेपरांखेरीज माझ्यापुढेही पास व्हावं लागतं. बोलण्या-ऐकण्याचे गुण मी देतो.

"तू?" म्हणाली, आणि बराच वेळ हसत बसली.

४ ऑक्टोबर

आजची सगळी पोरं घोकून आलेली. आत आल्या आल्या, "ऐकून फार वाईट वाटलं." मी अजून तोंडही उघडलेलं नसतं! तरी पूर्ण गुण दिले. आमची प्रमुख मार्जोरी म्हणते, वाईट वाटलं हे म्हटलं पाहिजे, बस.

६ ऑक्टोबर

आयोवाची एक मुलगी, हॅडली — कोटावरच्या पट्टीवरून कळलं. हात थंडगार. नाव सांगायचं विसरली, वाईट वाटल्याचंही बोलली नाही. पाठ तपासून झाली, मग पोटावर हात ठेवला आणि तिथेच थांबली.

"इथे जोरात धडधडतंय. हे नाटकातलं की तुमचं?"

"पाठ हो, डॉक्टर. बागेत खणताना लचकली." मी भूमिका सोडत नसतो.

"काका, खरं सांगा. सिगरेट ओढायचात?"

"बागेत खणताना—"

घंटा झाली. पाठीवरचा उपचार राहिलाच. दारातून म्हणते, "उद्याच्या उद्या सोनोग्राफी करा."

आगाऊ कार्टी. रुग्णाचं ऐकून घेते का? — शून्य दिलं. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

डोलोरेसला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. माझा कोट आणून हातात दिला.

१० ऑक्टोबर

पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीय. उद्या ऑपरेशन. भीती वाटते.

१८ ऑक्टोबर

सर्जन म्हणाले, "फुटली असती तर संपलंच होतं. कुणाच्या लक्षात आलं?" हॅडलीचं नाव सांगितलं. असं ऐटीत सांगितलं, जणू माझीच पोर.

२ डिसेंबर

मार्जोरी फुलं घेऊन आली. मी विचारलं, त्या आयोवाच्या मुलीचं काय झालं? सांगायचं नसतं, तरी तिने सांगितलं.

"नापास. परवाना लांबला."

"कशात गेली?"

"बोलण्या-ऐकण्यात. तुझ्या खोलीत."