खाली बसा वं, मावश्याहो!

पुणे, १० फेब्रुवारी १९६६

ती. आईस शारदेचा वाकून नमस्कार. अनंता, आईला सावकाश वाचून दाखव.

आई, मी इथल्या नौकाविहार मंडळात स्वयंसेविका झाले. रविवारी शाळेला सुट्टी असते, तेव्हा तळ्यावर येणाऱ्यांना बोटीत नीट कसं बसावं ते शिकवते. "पाण्यात काऊन जाते वं?" असं तू म्हणशीलच. पण मला आता चांगलं पोहता येतं.

गेल्या रविवारी आपल्या चिखलीकडच्या बायका सहलीला आल्या होत्या. मी त्यांच्याच बोटीत होते. मध्यावर वारा सुटला, तशा घाबरून सगळ्या उभ्या राहिल्या आणि बोट कलली. आमचे प्रमुख काठावरून ओरडत होते, पण कोणी ऐकेना. मग मी ओरडले, "खाली बसा वं, मावश्याहो! एका अंगाले नका जाऊ!" आपली वऱ्हाडी बोली कानी पडताच त्या मटकन बसल्या. थोडं पाणी आत आलं, पण सगळ्या सुखरूप काठाला लागल्या.

प्रमुखांनी सर्वांसमोर शाबासकी दिली.

तुझे गुडघे कसे आहेत? हरभरा काढून झाला का?

आणि बाबांना सांग, मंडळातल्या ज्या बाया आधी माझ्या बोलण्याला हसायच्या, त्याच आता "खाली बसा वं" कसं म्हणायचं ते माझ्याकडून शिकताहेत.

तुझीच,
शारदा